नदीवर जावं की तलावावर? गळ टाकायला निघण्याआधी कसं ठरवावं

काठी, रील, तंगूस, आमिष सगळं तयार असतं आणि गाडी एकाच प्रश्नावर अडते: वाहत्या नदीवर जायचं की मासे सोडलेल्या तलावावर? बरेच जण हा निर्णय अंतरावर सोपवतात, नाहीतर कुणीतरी पाठवलेल्या मोठ्या माशाच्या फोटोवर. तलावात मासा कुठला, किती आणि कधी आला हे माणसाने ठरवलेलं असतं. नदीत ते पाणी ठरवतं. म्हणून तलावाची चौकशी माणसांकडे करायची आणि नदीची पाण्याकडे. पुढच्या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा घर सोडण्याआधीच उत्तर मिळतं.

१. सोबत कोण आहे ते बघा

लहान मुलं असतील किंवा कुणी पहिल्यांदाच गळ हातात धरणार असेल, तर पुढचं फार वाचू नका, तलावावर जा. नवख्याला सगळ्यात आधी हवा असतो तो तंगुसाला बसणारा हिसका. तो तासाभरात बसला नाही की पोरं दगड मारायला लागतात आणि मग उरलासुरला मासाही पळतो. तलावाचा काठ सहसा सपाट असतो, बसायला जागा असते, पाण्याला ओढ नसते. पोहता न येणाऱ्या माणसाला घेऊन जोरदार धारेच्या नदीवर जाऊच नये.

एकटे किंवा जाणत्या सोबत्याबरोबर असाल, पूर्ण दिवस हाताशी असेल आणि रिकाम्या हाताने परतायची तयारी असेल, तर नदीचा विचार करा. माझा कल नदीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पाणी वाचायला नदी जितकं शिकवते तितकं तलाव शिकवत नाही.

२. परवानगी आणि बंदीचा काळ तपासा

हे काम कंटाळवाणं आहे, पण आधी उरका. नदीवर बंदीचा काळ बहुधा विणीच्या हंगामाशी जोडलेला असतो. महसीर पावसाळ्यात पाणी चढलं की वरच्या अंगाला अंडी घालायला जातो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या कित्येक नद्या त्याच्या विणीच्या दिवसांत बंद असतात. काही पट्टे बारमाही संरक्षित असतात. तलावावर शुल्क, माणशी किती मासे न्यायचे याची मर्यादा आणि कुठलं आमिष चालतं हे विचारा.

३. तलावाबद्दल तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: काय सोडलं आणि केवढं सोडलं? ‘तलावात मासे सोडलेत’ एवढ्यावर हुरळून जाऊ नका. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली असतील, तर त्या माशाला गळाजोगं व्हायला काळ जावा लागतो. रोहू-कटला चांगल्या पाण्यातही किलोभर व्हायला साधारण वर्ष घेतात. याउलट इंद्रधनुषी ट्राउटच्या तलावांत बहुधा पकडण्याजोगा वाढवलेला मासाच सोडतात. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडच्या नद्यांतला आणि कामचाटकातला. मासे वाढवणाऱ्या संवर्धन केंद्रात सहज वाढतो, म्हणून जगभर पोहोचला.

दुसरा प्रश्न: कधी सोडला? केंद्रात वाढलेल्या माशाला वरून पडणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांची सवय असते. सोडल्यावर पहिले काही दिवस तो सोडलेल्या जागेच्या आसपास घोळक्याने फिरतो आणि पाण्यात पडेल ते तोंडात घेऊन बघतो. नंतर पांगतो. रोज गळ पडणाऱ्या तलावात उरलेले मासे लवकर शहाणे होतात, आणि मग ‘सोपा’ तलाव नदीपेक्षा अवघड वाटू शकतो. नुकताच मासा सोडलाय असं कळलं तर जा. बरेच दिवस झाले असतील तर नदीचं पारडं जड होतं.

तिसरा प्रश्न: गर्दी किती असते? याचं उत्तर सुट्टीच्या दिवशी तुम्हालाच ठाऊक असतं.

माशाची जात कळली की खोलीही कळते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. फ्लोट (तंगुसावर बांधायचा तरंगता तुकडा) कुठे बांधायचा हे त्यावरून ठरवा. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ आधी धरा, कारण वरचं पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य तिकडे ढकललं जातं. भर उन्हाळ्यात खोल तलावात गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर पडतात. तळाच्या थरातला प्राणवायू संपत जातो, तेव्हा अगदी खोल गळ टाकून बसण्यात अर्थ नसतो.

आणखी एक. पहाट सगळ्यात उत्तम असं सरसकट सांगितलं जातं, ते शेवाळाने हिरव्यागार झालेल्या उथळ तलावाला लागू पडत नाही. रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे तिथे उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते खायला आलेले नसतात. सूर्य चांगला वर येईपर्यंत थांबा, किंवा त्या दिवशी तो तलाव सोडूनच द्या.

४. नदीचं पाणी वाचा

नदीवर काल पाऊस पडला का, हा अपुरा प्रश्न आहे. वरच्या अंगाला पडला का, हे बघा. पाणी गढूळ होऊन चढत असेल तर बेत रद्द करा. चढलेलं पाणी उतरू लागलं आणि गढूळपणा कमी होत चालला, की मासा पुन्हा खायला लागतो. नदीवर जायचे दिवस ते. वर धरण असेल तर विसर्गाच्या वेळा विचारल्याशिवाय पात्रात पाय टाकू नका, तिथे पाऊस नसतानाही पाणी अचानक वाढतं. वेगवान पाणी १५ सेंटीमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. गुडघ्याच्या वर पाणी येईल तिथे शिरूच नये, हा माझा नियम.

मग मासा कुठे शोधायचा? वाहत्या पाण्यात माशाला दोन गोष्टी हव्या असतात: कमी कष्टाची जागा आणि जवळून वाहत जाणारं खाद्य. या दोन्ही जिथे भेटतात तिथे गळ टाका. वेगवान धार आणि संथ पाणी यांची कडा, मोठ्या दगडाच्या मागचं आणि पुढचं शांत पाणी, खळाळ संपून डोह सुरू होतो तो उतार, खालून पोखरलेला काठ, पाण्यावर झुकलेल्या झाडाची सावली. डोहाच्या मधोमध गळ टाकून दुपार घालवणारे खूप दिसतात, आणि मासा त्यांच्या पायाजवळच्या काठाखाली असतो.

मासा धारेकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या मागून जा. आमिष त्याच्या वरच्या अंगाला टाका आणि धारेबरोबर वाहत त्याच्याकडे येऊ द्या. पाच-सात वेळा टाकून काही घडलं नाही तर जागा बदला. तलावावर बसून राहणं चालतं, नदीवर चालत राहावं लागतं, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हाही मुद्दा हिशेबात धरावा.

५. तापमान मोजा

पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर जवळ ठेवा. बाकी सगळे मुद्दे बरोबरीत असतील तर निकाल तो देतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २५ अंशांना सुमारे ८. ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत चांगला खातो. २० च्या वर गेलं की गळावर दमलेला ट्राउट सोडून दिला तरी मरण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्या दिवशी त्याच्या नदीला सुट्टी द्या. रोहू, कटला, कार्प यांना ऊबदार पाणी मानवतं. अशा दिवशी त्यांचा तलाव बरा.

६. पकडलेल्या माशाचं काय करणार, हे आधी ठरवा

मासा घरी न्यायचा असेल तर तलाव. तिथले मासे त्यासाठीच सोडलेले असतात आणि मर्यादेत राहून नेले तर कुणाचं बिघडत नाही. नदीतला रानटी मासा वेगळा. सोनेरी महसीर धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. असा मासा सोडायचाच. ‘नदी’ म्हटली की सगळे मासे रानटीच, असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येक केंद्रांतल्या सामन (सॅल्मन) माशांचा शेपटीजवळचा छोटा पर सोडण्याआधी कापतात. तो पर शाबूत असेल तर मासा बहुधा रानटी, आणि अनेक नद्यांवर तो परत सोडण्याचा नियम आहे.

सोडायचा असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तरी काम होतं. हात ओले करून मग मासा धरा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. फोटो हवाच असेल तर मासा दहा सेकंदांपेक्षा जास्त पाण्याबाहेर ठेवू नका.

७. एका पाण्याहून दुसऱ्याकडे जाताना

सकाळी तलाव आणि दुपारी नदी असा बेत असेल तर मधे थांबून सामान धुवा. बूट, जाळी, तंगूस यांना चिकटलेला चिखल आणि वनस्पती काढा आणि सगळं पूर्ण वाळवा. वाळायला वेळ नसेल तर बूट आणि जाळीचा दुसरा जोड ठेवा. न्यूझीलंडच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ पसरलं, तेव्हा २००८ साली तिथे मासे पकडताना नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाच्या, तळव्यांचे बूट वापरण्यावर बंदी आली, कारण नमदा ओल धरून ठेवतो आणि त्यातून शेवाळ दुसऱ्या पाण्यात पोहोचू शकतं. उरलेलं जिवंत आमिषही नदीत सोडू नका, ते परत न्या.