वाघ दिसला, पण फोटो हलला: सफारीतल्या या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या हौशी फोटोग्राफरची पहिली चूक घरी बसूनच होते. चांदोली एवढी जवळ आहे, मग वाघाचा फोटो तिथेच काढू, असं तो ठरवून टाकतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हे खरं. पण डिसेंबर २०२३ मध्ये इथे जो वाघ टिपला गेला, तो झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली, तरीही या डोंगराळ, गच्च रानातल्या मोजक्या वाघांपैकी एखादा नेमका तुमच्या गाडीसमोर येईल, या आशेवर रजा टाकू नका. चांदोलीला जरूर जा. गव्यासाठी जा, शेकरूसाठी जा, झोळंबीच्या सड्यासाठी, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारासाठी जा. वाघाचाच फोटो हवा असेल तर मिरज, सांगली नाहीतर साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून नागपूर गाठा आणि तिथून ताडोबा.

तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, सफारी नसते. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण सकाळी आठनंतर ऊन इतकं कडक होतं की फोटो भाजल्यासारखा दिसतो. हिवाळ्यात उजेड मऊ मिळतो, वाघ मात्र शोधावा लागतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

भाड्याची लेन्स आदल्या दिवशी हातात घेणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स भाड्याने आणायची, बॅगेत तशीच ठेवायची आणि जिप्सीत बसल्यावर पहिल्यांदा लावायची. मग वाघ समोर आणि यांचं बोट स्टॅबिलायझेशनचं (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं) बटण शोधतंय! वाघ रस्ता ओलांडतो तेव्हा तुम्हाला मिळतात ते मोजके सेकंद. तेवढ्यात बटणं शोधायची सोय नाही, बोटांना ती पाठ हवीत.

त्यासाठी लांब जावं लागत नाही. लेन्स दोन-तीन दिवस आधी घ्या आणि देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वरला जा. धों. म. मोहित्यांच्या खटपटीतून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं हे अभयारण्य सरावाला फार चांगलं. सांबर, चितळ झाडीतून अर्धवट दिसतात, मधे गवत येतं, उजेड सावलीतून उन्हात उड्या मारतो. ताडोबात जे अडचणीचं होणार आहे ते सगळं इथे स्वस्तात शिकता येतं. साताऱ्याकडच्या मंडळींना मायणीचा तलाव आहेच. उडता बगळा फोकसमध्ये धरता आला तर चालता वाघ सहज धरता येतो. तेही जमत नसेल तर गल्लीतलं धावतं कुत्रं घ्या. त्याला भाव खायची सवय नाही.

फोटो धूसर आला. पण नक्की कशामुळे?

‘सगळे फोटो ब्लर आले’ असं म्हणून लोक लेन्सला शिव्या घालतात. फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करा आणि नीट बघा. कारण फोटोतच लिहिलेलं असतं.

वाघ धूसर, पण त्याच्या पुढची गवताची काडी किंवा बांबूची फांदी एकदम स्पष्ट असेल, तर चूक फोकसची. कॅमेऱ्याने जवळची वस्तू पकडली. रुंद फोकस क्षेत्र सोडा, एकच छोटा बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. प्राण्याचा डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर ती सोय चालू ठेवा. पण दाट गवतात ती गोंधळते, तेव्हा पुन्हा एका बिंदूवर या. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवरच हवा, नाहीतर वाघाने दोन पावलं टाकली की तो मागे राहतो.

मागची झाडं स्पष्ट आणि वाघाचे पाय किंवा डोकं पुसल्यासारखं असेल, तर शटरचा वेग कमी पडला. बसलेल्या वाघाला १/५०० सेकंद पुरतो. चालत्या वाघाला १/१००० हवा, पळणाऱ्या वाघाला किंवा खेळणाऱ्या बछड्यांना १/२०००.

वाघ, झाड, दगड सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. बहुतेक वेळा गुन्हेगार जिप्सीचं चालू इंजिन असतं. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, ‘भाऊ, वाघ दिसला की इंजिन बंद.’ ट्रायपॉड जिप्सीत अडगळच होतो. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी घ्या, रिकामी न्या आणि तिकडच्या किराणा दुकानातून तूर किंवा हरभरा घेऊन भरा. येताना डाळ भेट म्हणून कुणालाही देता येते. बीनबॅग ठेवली तरी शेजाऱ्याने सीटवर उड्या मारल्या की गाडी हलणारच. तेही सांगून ठेवा.

आणि वाघ लांब, वेळ दुपारची, फोटोतलं सगळंच पाण्याखालून बघितल्यासारखं लिबलिबीत, तर ती तापलेल्या जमिनीवरच्या हवेची करामत. यावर कुठलीही महागडी लेन्स इलाज नाही. २x एक्स्टेंडर (लेन्सची पोच दुप्पट करणारा जोड) लावून तर ते अजून बिघडतं. वर दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथाईच उरतो, तो वेगळाच. वाघ जवळ येईपर्यंत थांबा, नाहीतर डोळे भरून बघा.

सकाळी गेट उघडतं तेव्हाच्या उजेडात हे शटर स्पीड ठेवायचे तर आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० वर जातो, आणि इथे लोक घाबरतात. घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेला फोटो कुणीही सरळ करू शकत नाही. शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) हाताने लावा, आयएसओ ऑटोवर सोडा, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर दुरुस्त करता येईल अशा कच्च्या फाईलमध्ये काढा.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याचं, थोडक्यात सांगतो. वाघ काळ्या सावलीतून बाहेर येत असला की कॅमेरा अंधार बघून फोटो उजळवतो आणि गालावरची पांढरी केसं जळून जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे ०.७ वर घ्या. वाळलेल्या पिवळ्या गवतात उलटं होऊ शकतं, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघत राहा.

गाडी मागे लावणं

वाघ रस्त्याने चालू लागला की सगळ्या गाड्या त्याच्या मागे लागतात. कार्डभर पाठमोरे फोटो जमा होतात. जाणता गाईड आधी त्याची दिशा ओळखतो, वळसा घेऊन पुढे जातो आणि रस्ता मोकळा सोडून कडेला थांबतो. ‘सांबराचा कॉल येऊन राहिला’ (वाघ जवळ असल्याचा सांबराचा इशारा) असं तो म्हणाला की बोलणं बंद करा आणि कॅमेरा मांडीवरून हातात घ्या. बिस्किटाचा पुडा नंतर फोडा.

वाट अडवायला लावू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. शिवाय कोंडलेल्या वाघाचा फोटो ओळखू येतो: कान मागे, नजर गाडीवर, शरीर आखडलेलं. असला फोटो छापायच्या लायकीचा नसतो.

फक्त तोंडाचा फोटो

६०० वर झूम करून शेपटी कापलेला, कानाचं टोक उडालेला वाघ दर दुसऱ्या अल्बममध्ये दिसतो. जवळ आला की लेन्स मागे घ्या. वाघ ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडा, पायाखालचा रस्ता आणि मागचा बांबूही येऊ द्या. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत वाघ मांजरीएवढा दिसतो. सीटवर बसून, जमेल तेवढं खाली येऊन काढा.

ताडोबाच्या कोअरमध्ये २०१८ पासून मोबाईलला बंदी आहे, त्यामुळे ‘कॅमेरा बिघडला तर मोबाईल आहे’ हा हिशेब धरू नका. जादा बॅटरी आणि जादा कार्ड खिशात हवं. लेन्स जिप्सीत बदलू नका, तिकडची लाल धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आभाळात ठिपके येतात. कॅमेऱ्यावर ओढणी किंवा टॉवेल टाका आणि संध्याकाळी ब्लोअरने धूळ उडवा. शर्टाच्या टोकाने काच पुसू नका. आणि कार्ड भरत आलं म्हणून जिप्सीत बसून फोटो उडवत बसू नका. तीन इंची स्क्रीनवर बिघडलेला वाटलेला फोटोच अनेकदा सगळ्यात चांगला निघतो, आणि तुम्ही खाली मान घालून बटणं दाबत असताना वाघ उजवीकडून निघून गेलेला असतो.