ठाण्या-नवी मुंबईतल्या संस्थांना मदत करताय? या चुका टाळा

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आणि ठाणे महानगरपालिका १९८२ची. म्हणजे महापालिका यायच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीपासून या गावात वर्गणी भरून संस्था चालवणारे लोक आहेत. खाडीपलीकडे सिडकोने शहर वसवायला घेतलं ते १९७०नंतर. त्यामुळे नवी मुंबईतल्या संस्था वयाने लहान आहेत: नोडानोडांतली, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहतींतली वाचनालयं, सांस्कृतिक मंडळं, कांदळवनासाठी झटणारे गट. दोन्हीकडचं दुखणं मात्र एकच. मदत येते, मनापासून येते, पण एकदम येते आणि संस्थेला जे हवं असतं ते सोडून भलतंच येतं. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही. ते इथे बोलतो.

पुस्तकांची पोती

नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत एखादी इमारत पुनर्विकासाला गेली की जवळच्या वाचनालयाचा फोन वाजायला लागतो. "घर रिकामं करतोय, पुस्तकं द्यायची आहेत." पोती उघडली की वर चार चांगल्या कादंबऱ्या आणि खाली दहावीची जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची इंजिनिअरिंगची पुस्तकं, कसर लागलेले दिवाळी अंक.

एक पुस्तक कपाटात जायला किती हात लागतात ते पाहा. धूळ झटकायची, तेच पुस्तक आधी आहे का ते शोधायचं, दाखल नोंदवहीत क्रमांक घालायचा, आतल्या पानांवर शिक्के मारायचे, वर्गीकरण करायचं, लेबल आणि कव्हर लावायचं. हे करणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी एकच असते आणि संध्याकाळी खिडकीत बसून पुस्तकं बदलूनही तीच देते. त्या पोत्यांपायी तिचा आठवडा जातो. उरलेलं रद्दीत द्यावं लागतं, आणि ते कळलं की देणारा दुखावतो.

त्यापेक्षा शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष लिहून यादी आधी पाठवा. पुस्तकाच्या पाठीचे फोटो पाठवले तरी चालतं. वाचनालयाने निवडलेली तेवढीच पोचवा आणि 'नको' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. सोबत बाइंडिंगसाठी थोडे पैसे दिलेत तर फारच उत्तम. आणि स्वतः सभासद व्हा. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदान त्यावर ठरतं आणि वर्ग ठरवताना सभासदसंख्याही पाहिली जाते. 'हल्ली कोण वाचतं' म्हणून वर्गणी थांबवणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

पैसे देताना

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे देणं. नावाची पाटी लावलेलं कपाट द्यायला दाते मिळतात. वीजबिल, हिशेबनिसाचं मानधन, लेखापरीक्षणाची फी, गळक्या छताचं वॉटरप्रूफिंग यासाठी मिळत नाहीत. संस्था बंद पडतात त्या याच खर्चांपायी. म्हणून आधी विचारा, "गेल्या वर्षी पैसे कशाला कमी पडले?" आणि वर्षातून एकदा सहा हजार देण्याऐवजी बँकेत सूचना देऊन महिन्याला पाचशे द्या. रक्कम तीच, पण पुढच्या महिन्याचा पगार निघणार हे कार्यवाहांना आधी कळतं.

नोंदणी न बघता देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेल्या संस्थेला क्रमांक असतो. संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंद असेल तर तो सहसा 'एफ' अक्षराने सुरू होतो. तो पावतीवर छापलेला असतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. उत्सवापुरती वर्गणी मागणाऱ्या, कायम नोंदणी नसलेल्या मंडळाला याच कायद्याच्या कलम ४१ कखाली परवानगी घ्यावी लागते. ती दाखवा म्हणायला संकोच वाटू देऊ नका. नीट चालवणारं मंडळ ती आनंदाने दाखवतं.

करसवलतीबाबत गैरसमज फार आहेत. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीत स्थानिक संस्थांना दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा असते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर वजावट नाही. पंखा, सतरंजी, संगणक अशा वस्तूंवरही नाही.

पावती हातात आहे आणि तरी विवरणपत्रात देणगी अडकते? २०२१-२२पासून साध्या पावतीवर भागत नाही. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण आयकर विभागाच्या पोर्टलवर भरायचं असतं आणि त्यातून निघणारा दाखला दात्याला द्यायचा असतो. तो आला नसेल तर कारण बहुधा दोनांतलं एक असतं: तुम्ही पॅन दिला नव्हता किंवा चुकीचा दिला होता, नाहीतर संस्थेने विवरणच भरलेलं नाही. पहिलं असेल तर दुरुस्ती विवरण भरता येतं, खजिनदारांना तसं सांगा. दुसरं असेल तर भांडत बसू नका, शेजारी बसून भरायला मदत करा. साठी-सत्तरीतल्या खजिनदारांना पोर्टलशी एकट्याने झुंजावं लागतं, हे दात्यांना माहीतच नसतं.

आणखी एक. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्यांची देणगी परकीय ठरते. परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेतली तर संस्था गोत्यात येते. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्यांच्या स्वतःच्या बचतीला ही अडचण नाही.

रविवारची सफाई

ठाणे खाडीचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि तेव्हापासून खाडीकाठी सफाईला येणाऱ्यांचा उत्साह वाढलाय. चांगलंच आहे. पण पन्नास जण टी-शर्ट घालून सकाळी दहाला येतात तेव्हा भरती असते. पाणी मुळांच्या वर, कचरा पाण्याखाली. मग काठावरच्या चार बाटल्या उचलून फोटो निघतात. कधी ओहोटी साधते, गुडघाभर चिखलातून थर्माकोल आणि प्लास्टिकच्या दोऱ्या ओढून काढल्या जातात, पोती भरतात, पण ती न्यायला गाडीच सांगितलेली नसते. पुढच्या मोठ्या भरतीला सगळं पुन्हा खाडीत.

गटाच्या प्रमुखांना विचारून ओहोटीची वेळ घ्या. महापालिकेच्या विभाग कार्यालयातून गाडी नक्की झाल्याशिवाय पोती भरू नका. चप्पल नको, घट्ट बूट हवेत. चिखलात काचा असतात. आणि कांदळवनाची कोवळी रोपं पायाखाली जाणार नाहीत याकडे एकाने लक्ष ठेवा. कंपनीच्या एका दिवसाच्या उपक्रमासाठी शंभर माणसं आणण्यापेक्षा महिन्यातून एकदा न चुकता येणारे पाच जण गटाला जास्त उपयोगी पडतात.

वृक्षारोपणाचंही तेच. जूनमध्ये खड्डे खणायला गर्दी, फेब्रुवारी ते मे पाणी घालायला कुणी नाही. उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर कोण देणार हे ठरलं नसेल, तर रोपं कमी लावा.

रक्तदानातही एकाच दिवशीची झुंबड उपयोगाची नाही. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, लाल पेशी पाच-सहा आठवडे. शिबिरं राष्ट्रीय सणांना होतात आणि टंचाई मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत येते. रक्तपेढीला फोन करून मेमधली तारीख घ्या.

"पास आहे का?"

ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यगृह १९७८पासून उभं आहे आणि पास मागायची सवयही जुनीच आहे. छोटी नाट्य किंवा संगीत संस्था नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, कलाकारांचं मानधन यांची जुळवाजुळव करून कार्यक्रम करते, आणि ओळखीचेच लोक फुकट बसू पाहतात. ओळख असेल तर दोन तिकिटं जास्त काढा.

तक्रार सोपवून मोकळे होणं

नागरी प्रश्नांवर काम करणाऱ्या गटाला फोटो पाठवला की आपलं काम झालं, असं फार जणांना वाटतं. भूखंडाचं आरक्षण बदलायची किंवा झाड तोडायची नोटीस निघते तेव्हा हरकतींची मुदत थोड्या दिवसांची असते. शंभर जणांनी फॉरवर्ड केलेल्या एका मजकुरापेक्षा वीस जणांनी स्वतःच्या नावाने, पत्ता आणि सही घालून दिलेल्या वीस वेगळ्या हरकती सुनावणीत उपयोगी पडतात. प्रत्येकीची पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत यायला हवं. तोही गटाच्याच माथी मारायला नको.

सर्वसाधारण सभेला न जाणं

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. हजारभर सभासद असलेल्या संस्थेच्या वार्षिक सभेला वीस-पंचवीस जण येतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच हॉलमध्ये त्याच माणसांत भरते आणि ताळेबंद पाच मिनिटांत मंजूर होतो. निवडणुकीला अर्जच येत नाहीत, म्हणून पंचाहत्तरीचे कार्यवाह पुन्हा उभे राहतात. 'तेच ते लोक खुर्ची अडवून बसलेत' असं बाहेर म्हणणारे सभागृहात नसतात.

सभेची सूचना आली की अहवाल वाचून जा. वर्गणी किती जमली, पगारावर किती गेले, लेखापरीक्षकांनी काय शेरे मारले, एवढं विचारा. कार्यकारिणी बदलली असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झालाय का, तेही विचारा. तो रखडला की नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या बँक मानत नाही, आणि कंपन्यांकडून येणारा सामाजिक निधीही कागदपत्रांत अडकतो. तुम्ही वकील किंवा सी.ए. असाल तर देणगीआधी या अर्जाची फाइल मागून घ्या आणि ती मार्गी लागेपर्यंत तुमच्याकडे ठेवा.