बघ्यांमधून उचललं तर

नवी पेठेत भांडण झालं, तुम्ही नुसते बघत होतात आणि पोलिसांनी गाडीत घातलं, तर पोलिसांचा हात झटकू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वर बसतो. शांतपणे विचारा, "साहेब, अटक आहे का चौकशी?"

अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि वकिलाला भेटू देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. घोळ होतो तो इथेच: उचललं दुपारी, कागदावर अटक रात्री. म्हणून घरच्यांना खरी वेळ लगेच लिहून ठेवायला सांगा आणि ती दंडाधिकाऱ्यांना स्वतः सांगा. कोऱ्या कागदावर सही कधीच नको.

वकील परवडत नाही? १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कोठडीतल्या कुणालाही वकील मोफत मिळतो.