वैशाखातला वारा आणि निसवलेली केळी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर पट्ट्यात मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) घडांनी लवली आहे, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली) निसवते आहे, म्हणजे तिचे घड बाहेर पडताहेत. नेमक्या याच दिवसांत वारा उभी बाग झोपवतो. आडोसा कुठल्या बाजूला करायचा हे कळायला वारा येतो कुठून, ते आधी समजून घेऊ.

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांकडे सरकते आणि साधारण 30 अंशांजवळ खाली उतरते. तिथून ती जमिनीलगत परत फिरते. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो, म्हणून तो ईशान्येकडून येतो. खानदेश 21 अंशांवर, याच पट्ट्यात. हिवाळ्यात केळी गारठवणारा वारा तो हाच. उन्हाळ्यात वायव्य भारत तापतो, तिथला हवेचा दाब उतरतो आणि दिशा पालटते. पुढे दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी होऊन येतात. त्यात तापीचं खोरं उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये, पश्चिमेला समुद्राकडे उघडं.

तेव्हा पश्चिम आणि दक्षिण बाजू आधी झाका. बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लागवडीबरोबरच लावायला हवं होतं. राहिलं असेल तर आता हिरवी जाळी बांधा. आडोसा भिंतीसारखा गच्च नको, वारा त्यावरून उसळून आत भोवरे करतो. निम्मा वारा गाळून जाऊ द्या. आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत संरक्षण मिळतं, म्हणजे 3 मीटर जाळीमागे 30 मीटर.

पण खरी नासाडी करतं ते दुपारनंतरचं गडगडाटी वादळ. काळ्या ढगातून गार हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी दिशांना पसरते, तिथे एका बाजूचा आडोसा पुरत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट होतो. म्हणून घड लागलेलं प्रत्येक झाड बांधा, खर्चाकडे पाहू नका. रुंद पट्टी खोडाच्या गळ्याशी, पानांच्या खाली, सैलसर गुंडाळा. दुसरं टोक घड झुकलाय त्याच्या विरुद्ध बाजूच्या झाडाच्या बुंध्याला ताणून बांधा. सुतळी वापरू नका, ती खोडात रुतते. बांबूचे टेकू द्यायचे तर दोन बांबू कैचीसारखे गळ्याखाली लावा, घडाला घासता कामा नये.

बुंध्याला मातीची भर द्या. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी भरपूर पाणी सोडू नका, ओल्या भुसभुशीत जमिनीतून झाड मुळासकट उपटतं. फाटलेली हिरवी पानं काढू नका. ती अन्न तयार करतात, आणि फटींतून वारा निघून जातो. वाळलेली मात्र काढा. फवारणी सकाळी लवकर करा, दुपारी तापलेल्या जमिनीमुळे वारा झोतांनी वाहतो आणि औषध भलतीकडे जातं.

फळपीक विमा घेतला असेल तर वादळात नुकसान झाल्यावर बाग साफ करण्याआधी फोटो काढा आणि 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवा.