घर भाड्याने देताय? भाडेकरूची चौकशी आणि करार असा करा

घर रंगवून झालंय, सोसायटीला कळवलंय, असं धरून चालतो.

1. कागद बघा. आधार, पॅन, नोकरीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. आधारच्या झेरॉक्सवर विसंबू नका. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा, नाव आणि फोटो जुळवून घ्या.

2. जुन्या घरमालकाशी बोला. सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्याला माणूस घालवायचा असेल तर तो गोडच बोलणार. भाडं कितव्या तारखेला यायचं, डिपॉझिटमधून काय कापलं, आणि पुन्हा ठेवाल का, एवढंच विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला की मी तो माणूस सोडून देतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या साइटवर नाव आणि वर्ष टाकून खटलेही दिसतात. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा. खटला दिसला म्हणून लगेच नाही म्हणू नका, आदेश उघडून वाचा. भावाभावांचा शेतीचा वाद वेगळा आणि भाडं थकवल्याचा दावा वेगळा. जात, धर्म, खाणंपिणं विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यातून भाडं वेळेवर येईल की नाही, हे कळत नाही.

3. करार नोंदवा. इथे मी एकदा पुरता अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

माणूस नात्यातल्या एकाने सुचवलेला. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, मुदत अकरा महिने. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं एजंट म्हणाला आणि मी मान डोलावली. डिपॉझिट पन्नास हजार, रोख. मुदत संपली तेव्हा भाडेकरू म्हणाला, डिपॉझिट दीड लाख दिलंय, तीन वर्षं राहायचं तोंडी ठरलंय, कागद नुसता दाखवायला केला होता. मी नोटरीचा कागद वकिलांपुढे ठेवला. त्यांनी तो न वाचताच बाजूला सरकवला आणि कायद्याचं पुस्तक उघडलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो. अकरा महिन्यांची सवलत केंद्राच्या नोंदणी कायद्यातली, ती महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरा फटका पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल तेच ग्राह्य, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. मी रोख रकमेचं काय सिद्ध करणार? शेवटी पदरचे पैसे घालून घर सोडवलं.

करार नोंदलेला असेल तर चित्र पालटतं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदतीनंतर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो. करारात लिहिलेलं तिथे निर्णायक पुरावा ठरतं, आणि घर अडवून ठेवणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

खर्चाचं रडगाणं मला ऐकवू नका. 20,000 भाडं, 60,000 डिपॉझिट, अकरा महिने. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्के दराने धरलेलं व्याज, याच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. शहरात नोंदणी फी 1,000. वर ऑनलाइन नोंदणीचा थोडा खर्च. सहमालक असेल तर त्याचाही अंगठा लागतो. माझ्या आईचा अंगठा मशीन घेईना, रेषा झिजलेल्या. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, मधलं बोट लावलं तेव्हा लागलं. म्हातारं माणूस असेल तर हाताशी वेळ ठेवा.

डिपॉझिट बँकेतूनच घ्या, आणि त्याचा व्यवहार क्रमांक करारात घाला. यात मी आता कुणाचंच ऐकत नाही.

4. पोलिसांना कळवा. ही फक्त माहिती देणं असतं. फॉर्म भरला म्हणजे चारित्र्य पडताळून मिळालं, असं समजून दुसरी पायरी टाळू नका. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असेल तिथे न कळवणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होऊ शकतो. पोचपावती जपा. परदेशी नागरिक असेल तर तो राहायला आल्याची माहिती 24 तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला फॉर्म III मध्ये द्या (2025 पर्यंत हा सी फॉर्म होता).

5. चावी देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, सामानाची यादी सहीनिशी घ्या.

6. भाडं थकलं तरी पाणी-वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. पाणी-वीज तोडणाऱ्या मालकाच्या विरोधात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 जातं, आणि तुमची खरी बाजूही कमजोर होते. लेखी नोटीस द्या, वकील गाठा.

7. मुदत संपायच्या दोन महिने आधी विचारून ठेवा, आणि राहणार असेल तर नवा करार जुना संपायच्या आत नोंदवा.