'पोटाकडे लक्ष द्या' म्हणण्याआधी : थेरपीत शरीर आणताना या चुका टाळा

थेरपिस्ट म्हणून माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. क्लायंट बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमानं लक्ष नेण्याचा सराव, करत होती. डोळे मिटलेले, खांदे सैल, चेहरा निवांत. माझाही सूर छान लागला होता. तेवढ्यात नजर तिच्या हातावर गेली. अंगठ्याचं नख तर्जनीत असं रुतलं होतं की भोवतालची कातडी पांढरीफटक पडली होती. "कसं वाटतंय?" विचारलं, तर सपाट आवाजात उत्तर आलं, "काहीच वाटत नाहीये." मी जिला शांतता समजत होते ते डिसोसिएशन होतं, म्हणजे मनानं शरीरापासून तुटून जाणं. ज्या शरीरातून तिनं पळ काढला होता, त्यातच मी तिला दार लावून बसवलं होतं. मानसिक आघात किंवा खाण्याचे विकार असलेल्यांसोबत शरीराचं काम करताना होणाऱ्या अशाच काही चुका इथे मांडते.

डोळे मिटून थेट आत शिरणं

विश्रांतीच्या तंत्रांनी काही जणांची घालमेल उलट वाढते, हे 1980च्या दशकापासून नोंदवलेलं आहे. आघातातून गेलेल्या माणसाला सावधपणानंच तारलेलं असतं. तो सैल सोडणं त्याला धोक्याचं वाटणारच. म्हणून डोळे उघडे ठेवा. दार दिसेल अशी खुर्ची द्या. सुरुवात बाहेरून करा : खोलीतले रंग, आवाज, तळपायाखालची जमीन. मग शरीरातली एखादी बिनतंट्याची जागा घ्या, टाच किंवा कानाची पाळी. खाण्याचा विकारही सोबत असेल तर पोट आणि मांड्या अगदी शेवटी, कधी कधी कित्येक महिने नाहीच. एका वेळी वीस सेकंद पुरतात. नजर गोठली, उत्तरं तुटक झाली, की थांबा. खोलीत सावकाश नजर फिरवायला सांगा, गार पाण्याचा ग्लास हातात द्या. त्या क्षणी आठवणीबद्दल काही विचारू नका.

रक्ताचे रिपोर्ट न बघता श्वासाचे प्रयोग

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. उलट्या काढणाऱ्या किंवा जुलाबाची औषधं घेणाऱ्या व्यक्तीचं पोटॅशियम आधीच खाली असू शकतं. भस्त्रिका, कपालभाती किंवा कुठलाही जोरकस, वेगवान श्वसनप्रकार केला की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, रक्ताचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि पोटॅशियम व फॉस्फेट रक्तातून पेशींमध्ये सरकतं. आधीच कमी असलेली पातळी आणखी घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी आलेल्या चक्करेला 'ऊर्जा मोकळी होतेय' म्हणणारे लोक मी पाहिलेत.

तसंच नाडीचं. अॅनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याच्या विकारात) नाडी मंद असते ती ध्यान साधल्यामुळे नाही. उपाशी शरीर काटकसर करत असतं. किशोरवयात दिवसा नाडी मिनिटाला 50च्या खाली जाणं हा रुग्णालयात दाखल करण्याच्या निकषांपैकी एक आहे. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, इसीजी, इलेक्ट्रोलाइट्स (पोटॅशियमसारखे रक्तातले क्षार) हे सगळं डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय श्वासाच्या वेगाला हात लावू नका.

'तुमची भूक ऐका' हे फार लवकर सांगणं

मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग झाला. अर्धपोटी राहिल्यावर त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही येईना, चिडचिड आणि उदासी वाढली. पुन्हा खायला मिळाल्यावर काहींना पोट भरूनही थांबता येईना. कुपोषणात पोट रिकामंही उशिरा होतं, म्हणून दोन घासांतच तुडुंब वाटतं. अशा शरीराला विचारून जेवायचं ठरवलं तर ते कमीच सांगणार. आधी ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं. भुकेचे संकेत परतले की मग माइंडफुल इटिंग, म्हणजे ते संकेत ऐकत सजगपणे खाणं.

आसनांच्या आड व्यायाम

"आज आसनं राहिली असती तर कसं वाटलं असतं?" एवढं विचारा. उत्तरात अपराधीपणा आला, तर ते कॅलरी जाळणं आहे. आणि आरशासमोर आसनं नकोत.

हुकमाची भाषा

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी (आघातानंतरचा तणाव-विकार) असलेल्या 64 स्त्रिया होत्या. ट्रॉमा-संवेदनशील योगाच्या 10 आठवड्यांनंतर त्या गटातल्या 52 टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांत बसेनाशा झाल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण 21 टक्के होतं. या पद्धतीत शिक्षक 'हात वर करा' म्हणत नाही, 'वाटलं तर हात उचलून बघू शकता, नाही उचलला तरी चालेल' म्हणतो. आसन 'नीट' करून द्यायला कोणी अंगाला हात लावत नाही. माझ्या मते इथलं खरं औषध निवड हेच आहे, कारण आघाताच्या वेळी नेमकी तीच हिरावलेली असते. क्लायंटनं पहिल्यांदा "नको, हे नाही करायचं" म्हटलं की मी ती प्रगती म्हणून टिपून ठेवते.

सेशन छान, घरी गेल्यावर बिंज (ताबा सुटून अतिखाणं)

असं झालं तर तंत्र लगेच टाकून देऊ नका, आधी मात्रा आणि वेळ तपासा. बहुतेकदा शरीराचं काम सेशनच्या शेवटी कोंबलेलं असतं आणि माणूस उघड्या जखमेनिशी जिना उतरतो. ते मध्यावर आणा, निम्मं करा. शेवटची पंधरा मिनिटं साध्या बोलण्याला ठेवा : घरी कसे जाणार, पुढचं खाणं किती वाजता, काय, आणि शेजारी कोण असेल.