वजन किती वेगानं उचलावं?

कॉलेज रोड असो की सिडको, संध्याकाळी सातच्या गर्दीत जिममध्ये दोन टोकं दिसतात. कुणी डंबेल झटक्यानं वर फेकतो आणि खाली सोडून देतो. शेजारचा प्रत्येक रिपिटेशन, म्हणजे वजन एकदा वर नेऊन खाली आणणं, दहा-बारा सेकंद ताणत बसतो. स्नायू वाढवायचे असतील तर दोन्ही टाळा.

वर-खाली मिळून एका रिपिटेशनला अर्धा ते ८ सेकंद लागले, तरी वाढीत फारसा फरक पडत नाही. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासून २०१५ मध्ये हे मांडलं गेलं. त्या प्रयोगांत सेट, म्हणजे सलग रिपिटेशनच्या फेऱ्या, पार दमेपर्यंत नेलेले होते, हे मात्र विसरू नका. १० सेकंदांच्या पुढे गेलात की वजन फार कमी करावं लागतं आणि स्नायूवर पुरेसा ताण येत नाही.

आम्ही सुचवतो ते असं: उतरवताना २ ते ३ सेकंद, उचलताना पूर्ण जोर. वर नेताना मुद्दाम सावकाश जायची गरज नाही. वजन जड असेल तर जोर लावूनही ते हळूच सरकतं. उतरवताना तोच स्नायू लांब होत होत वजनाला धरून ठेवतो. तिथे हात सैल सोडलात की निम्मं काम वाया गेलं.

डंबेल कर्ल, म्हणजे कोपरात हात वाकवून डंबेल वर आणणं, बघा. कोपर बरगड्यांजवळ, कंबर स्थिर, तळाला हात जवळजवळ सरळ. कंबर मागे झुकली किंवा खांदा पुढे आला, की बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) काम पाठ आणि खांदा करतात. अशा वेळी १२.५ किलोवरून सरळ १० वर या. त्यात कमीपणा काही नाही, दंडाला उलट जास्तच काम मिळतं.

बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार वर ढकलताना, तो छातीवर आपटून उसळू देणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. छातीचा स्नायू तळाशीच सर्वाधिक ताणलेला असतो आणि नेमकं तिथलंच काम टळतं. बरगडीला मार बसतो तो वेगळाच. बार छातीला टेकला की क्षणभर थांबा, मग ढकला. तालमीत भराभर बैठका मारायची सवय असलेल्यांनी खांद्यावर बार घेतल्यावर तो वेग सोडावा. स्क्वॉटमध्ये मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत ताबा ठेवूनच खाली जा. श्वास उतरताना घ्या, वर येताना सोडा. रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वास कोंडू नका.

सेट पुरेसा जड झाला का, हे मोबाईलवर बाजूनं व्हिडिओ काढून तपासा. पूर्ण जोर लावूनही शेवटचे दोन-तीन रेप्स (रिपिटेशन) आपोआप मंदावले पाहिजेत. पहिला आणि शेवटचा एकाच वेगानं गेला, तर वजन हलकं आहे किंवा तुम्ही लवकर थांबलात. आणखी एक-दोनच निघतील असं वाटेल तिथे थांबलं तरी चालतं. जड स्क्वॉट आणि बेंच प्रेस करताना जोडीदार किंवा सेफ्टी पिन (बार निसटला तर अडवणारे रॅकचे दांडे) नसेल, तर थांबाच.

दोन सेटमध्ये किमान २ मिनिटं विश्रांती घ्या. मशीनसाठी कुणी ताटकळत असेल तर पाळीपाळीनं करा, पण घाईनं विश्रांती कापू नका. वहीत वजनासोबत रेप्स लिहा. समजा लक्ष्य ८ ते १२ आहे: सगळ्या सेटमध्ये, उतरवण्याचा वेग न बिघडता १२ झाले, की बारवर एकूण २.५ किलो वाढवा. शेवटचे तीन झटक्यानं मारले असतील तर ते मोजू नका आणि पुढच्या वेळी वजन तेवढंच ठेवा.